अडलेला पणजोबा: थडगं, डायरी की हेळवी?

वंशावळीत एखादं नाव अडलं की हल्ली पुष्कळजण इंटरनेटवर थडग्यांच्या याद्या चाळायला लागतात. आपल्याकडं, बेळगाव भागात, आधी घरातल्या म्हाताऱ्यांना एवढंच विचारा: त्या माणसाला अग्नी दिला की माती? मराठा, ब्राह्मण, जैन घरात अग्नी, म्हणजे शोधायला दगडच नाही. लिंगायत घरात माती देतात, पण नाव-साल कोरलेली समाधी बहुधा मठाच्या स्वामींची, नाहीतर एखाद्या मालदार घराची.

ख्रिस्ती घराचे असाल तर दफनभूमी खरंच कामाची. तरी आधी चर्चची दफनाची वही गाठा. दगड खचतो, अक्षरं झिजतात; वहीत तारखेबरोबर वय आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नावही मिळू शकतं. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० ला सुरू झालं आणि पुढं ते मेथडिस्टांकडं गेलं. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा, त्याआधी सगळा कारभार गोव्याकडं. तेव्हा जुन्या वहीत पोर्तुगीज दिसलं तर दचकू नका. कॅम्पातली गोऱ्यांची जुनी थडगी बघायला जरूर जा, पण मराठी आडनाव सापडेल या आशेनं नको.

बाकीच्यांनी सुरुवात तलाठ्याकडून करावी, असं माझं मत. १९५६ पर्यंत आपण आधी मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात होतो, त्यामुळं गावचं दप्तर त्याच पद्धतीचं. वारसाच्या डायरीत, म्हणजे वारस लावल्याच्या फेरफार नोंदीत, अमुक मयत, त्याच्यामागं बायको, मुलं, कधी मुलीसुद्धा, अशी सगळी घरवाल्यांची नावं येतात. तारीख मात्र डायरी घातल्याची. मरण त्याच्या कितीतरी आधीचं असू शकतं. मोडी वाचणारा माणूस आधी गाठून ठेवा. आणि घरात जमीनच नव्हती, तर हा रस्ता बंद.

मरणाच्या नोंदवहीत दिवस मिळतो, वयही मिळतं. कारणाच्या रकान्यावर फार भरवसा नको, जो तो तापानंच गेलेला! १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेलेल्यांची तर नोंद झाली असेलच, असंही नाही.

हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांची वंशावळ सांगणारा, या सगळ्यांहून वेगळा. तो पिढ्यान् पिढ्या सलग वाचून दाखवतो आणि मूळ गाव कुठलं, तिथून का उठलो, हे सरकारी कागदात न सापडणारं सांगतो. त्याच्याकडं तारीख मागू नका. बायकांची नावंही बहुधा नसतात. तो येईल तेव्हा येईल, म्हणून शेवटचा कुणाच्या दारात आला होता हे भाऊबंदांत विचारून ठेवा. डायरीतली चार नावं हाताशी असली की त्याचं वाचन ताडून बघता येतं, म्हणून त्याचा नंबर मी दुसरा लावतो.

अपवाद एकच. ‘लढाईला गेला, परत आला नाही’ असं घरात सांगत असतील, तर सगळं सोडून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांची, इंटरनेटवरची यादी आधी उघडा. ती फुकट आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, कुतच्या वेढ्यातही. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा आहे. पण यादीत नाव, नंबर, पलटण असतं आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुकाही. इंग्रज कारकुनानं आडनाव गाळलेलं किंवा पार मोडलेलं असतं, म्हणून नावानं सापडलं नाही तर गाव आणि पलटण घालून शोधा.