ॲन्कीड्रॉइड: इंग्रजी शब्द, पण वाक्यं आपल्या शिवारातली

ॲन्कीड्रॉइड हे कार्डांवर प्रश्न-उत्तर लिहून, ती काही दिवसांनी पुन्हा पुन्हा विचारून शब्द पाठ करून घेणारं ॲप. अँड्रॉइडवर ते फुकट आहे. कार्डं भरून झाली की इंटरनेट लागत नाही. रेंज न पकडणाऱ्या गावात ही फार मोठी सोय. 'डॅम्प म्हणजे ओलसर' असं नुसतं घोकण्यापेक्षा 'क्लोझ' प्रकारचं कार्ड करा: 'द कॉटन इज डॅम्प, सो द ट्रेडर विल पे लेस.' यातला डॅम्प निवडून क्लोझ केला की तिथे गाळलेली जागा तयार होते. मात्र त्या जागी 'वेट' म्हणजे ओला हा शब्दही बसतो. म्हणून 'थोडा ओला, भिजलेला नाही' अशी खूण सोबत द्यावीच. एका वाक्यात नवा शब्द एकच.

उत्तर पाहिल्यावर शब्द कितपत आठवला ते बटण दाबून सांगायचं असतं. अनेकांचं चुकतं ते त्यातल्या 'हार्ड' बटणापाशी. शब्द आठवलाच नाही तर 'अगेन' दाबायचं. हार्ड म्हणजे आठवला, पण कष्टानं. न आठवताही हार्ड दाबत गेलं तर कच्चा शब्द पक्क्यात मोजला जातो.

रोज 20 नवी कार्डं ही मूळ मर्यादा 5 वर आणा. कापूस वेचणीत चार दिवस सुटले तर उजळणीचा ढीग साचतो. सेटिंग किचकट आहे, पहिला आठवडा जड जातो. आयफोनवरचं ॲन्कीमोबाइल मात्र विकत घ्यावं लागतं.