दहा हजार गेमचा डबा: आठ महिन्यांनंतर

जुने गेम खेळायच्या या डब्याच्या खोक्यावर ‘१०,००० गेम्स’ असं लिहिलेलं पाहिलं तेव्हाच हसू आलं होतं. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात नव्वदच्या दशकात जो टीव्ही गेम होता, त्याची पिवळी कॅसेट ‘९९९९ इन १’ होती. यादी खाली सरकवत गेलं की तीस-चाळीस गेमनंतर परत मारिओच यायचा, फक्त या खेपेला तिसऱ्या लेव्हलपासून. नवा डबाही त्याच जातकुळीतला निघाला. एकच गेम जपानी, अमेरिकन आणि युरोपियन आवृत्तीत आहे म्हणून तीनदा मोजलेला!

वस्तू म्हणजे साडेतीन इंची पडद्याचा, खिशात मावणारा चिनी हँडहेल्ड. पुण्याच्या तपकीर गल्लीतून साडेपाच हजारांना घेतला. तिसऱ्या महिन्यात सोबतचं, गेम भरलेलं मेमरी कार्ड मेलं. दुकानदार म्हणाला, “कार्डाला वॉरंटी नसते, साहेब.” मग चांगलं कार्ड घेतलं आणि सगळं नव्याने भरत बसलो. घेणार असाल तर पहिल्याच दिवशी कार्डाची प्रत काढून ठेवा. आणि हे हजारो गेम कुणी रीतसर परवाना घेऊन भरलेले नसतात, तेही डोक्यात असू द्या.

पडदा मात्र झकास. ६४० बाय ४८० पिक्सेल हा आकडा जुन्या गेमना बरोब्बर बसतो. गेमबॉयचं (निन्टेन्डोचा जुना, हातात धरून खेळायचा गेम) चित्र १६० बाय १४४, म्हणजे तिप्पट केलं की छान मावतं. आपल्या टीव्ही गेमच्या २४० ओळी दुप्पट केल्या की ४८०. पिक्सेल कडक, कडा धारदार. गेमबॉय ॲडव्हान्सचं २४० बाय १६० चं गणित तेवढं जुळत नाही. ते चित्र एक तर लहान ठेवा, नाहीतर किंचित पुसट चालवून घ्या.

आता गेम. लहानपणीचे म्हणून मी जे जे उघडलं त्यातलं बरंचसं पंधरा मिनिटांत संपलं. रोड फायटर: गाडी, पेट्रोल, घसरगुंडी, बास. सर्कस चार्लीत सिंहावरून उड्या मारताना पहिल्या दिवशी गहिवरून आलं, दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. उन्हाळ्याची सुट्टी, गुरुवारची गेलेली वीज परत आल्यावरचा वाड्यातला आरडाओरडा, कॅसेटमध्ये मारलेली फुंकर हे सगळं त्या गेमबरोबर यायचं. नुसता गेम आला तर तो तेवढासाच आहे.

सुपर मारिओ ब्रदर्स अपवाद. १९८५ चा गेम, अख्खा ४० किलोबाइटचा. नऊ वर्षांची लेक शेजारी बसून बघत होती, म्हणाली, “बाबा, ते झुडूप म्हणजे ढगच आहे, हिरवा रंगवलेला.” तीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं! जागाच इतकी कमी होती की एकच आकृती वरती पांढरी, खाली हिरवी वापरली आहे. आणि मारिओला मोठा करणारा पहिला मश्रूम पाइपवर आपटून आपल्याच अंगावर येतो. घाबरून उडी मारली तरी वरच्या विटांना डोकं आपटून मारिओ बहुतेकदा त्याच्यावरच पडतो, मग कळतं की हा शत्रू नाही. एक शब्द न लिहिता शिकवलंय. लेकीला मीही काही सांगितलं नाही, दहा मिनिटांत ती पाइपात शिरत होती.

दुसरा अपवाद दोघांनी खेळायच्या गेमचा. डबा एचडीएमआयने टीव्हीला लावला आणि दोन यूएसबी रिमोट घेतले (कंट्रोलर म्हणा हवं तर, आमच्याकडे रिमोटच). पहिल्या दिवशी बटण दाबल्यावर मारिओ विचार करून उडी मारत होता. दोष डब्याचा नव्हता. टीव्ही चित्र सुधारत बसतो, त्यात तो उशीर होतो. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू केला आणि फरक पडला.

बॅटल सिटी, म्हणजे आपला रणगाड्यांचा गेम, हा आमच्या घरातला सगळ्यात जास्त चाललेला. हाही १९८५ चा, नामकोचा. दर लेव्हलला शत्रूचे वीस रणगाडे, खाली विटांच्या आत आपला गरुड, तो वाचवायचा. गंमत अशी की जोडीदाराला गोळी लागली तर तो काही क्षण जागीच खिळतो आणि गरुड आपल्या स्वतःच्या गोळीनेही मरतो. लेक उत्साहात खाली तोंड करून गोळ्या झाडते. परवा शेवटचा एकच रणगाडा उरला होता. मी ओरडलो, “अगं, वर बघ, वर!” तिने वर बघितलं, रणगाडा मात्र खालीच तोंड करून होता. गरुड गेला. दोन मिनिटं घरात शांतता. मग ती म्हणाली, “तुम्ही ओरडलात म्हणून झालं.” हे भांडण माझ्यात आणि माझ्या भावात जसंच्या तसं व्हायचं. कॉन्ट्रा या दोघांनी मिळून गोळ्या झाडायच्या गेमच्या धबधब्याच्या लेव्हलमध्येही तेच. वर चढणारा गडी पडदा ओढून नेतो आणि खालचा फुकट मरतो.

माळ्यावरून टीव्ही गेमची जुनी बंदूक काढून डक हंट हा बदकं टिपायचा गेम खेळायचा विचार असेल तर राहू द्या. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे सगळं जुन्या पेटी टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं आहे. एलईडीवर बदकं अमर होतात.

सगळ्यात जास्त काळ टिकले ते गेम मी लहानपणी पाहिलेच नव्हते. सुपर निन्टेन्डो हा पुढच्या पिढीचा टीव्ही गेम आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हता. त्यामुळे झेल्डाचा १९९१ चा ‘अ लिंक टू द पास्ट’, १९९४ चा ‘सुपर मेट्रॉइड’ आणि १९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’ मी चाळिशीत पहिल्यांदा खेळलो, आठवणींची फोडणी नसताना. क्रोनो ट्रिगरच्या सुरुवातीला जत्रा आहे. तिथे एका म्हाताऱ्याचा जेवणाचा डबा ठेवलेला दिसतो. गेममध्ये दिसेल ते उचलायची सवय, मी खाऊन टाकला. काही तासांनी नायकावर खटला उभा राहिला आणि तो डबा माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आला! वनाजहून मेट्रोत बसलो होतो, इतका गुंगलो की जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरायचं राहिलं.

सेव्ह स्टेटबद्दल माझं मत कडक आहे. कुठल्याही क्षणी गेम गोठवून परत तिथूनच सुरू करता येतो. या सोयीने मारिओचे शेवटचे किल्ले मी एका संध्याकाळी उरकले आणि हाती काही लागलं नाही. दर उडीला सेव्ह केलं तर ते खेळणं नव्हे, फॉर्म भरणं झालं. आता नियम केलाय: स्टेशन आलं तर सेव्ह करायचं, मेलो म्हणून नाही.

तक्रारी म्हणाल तर बॅटरी पाचेक तास चालते, पुढे ओढाताण. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, हेडफोन लावावेच लागतात. आणि चार दिशांच्या बटणातलं खालचं बटण आता अडकायला लागलंय.

त्याला कारण आई. तिला मी सहज गेमबॉयचा टेट्रिस, वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम, लावून दिला होता, १९८९ चा. अडुसष्टाव्या वर्षी ती त्यात अशी शिरली की दुपारी एक ते चार डबा तिच्याकडेच असतो. डावीकडे एक उभी फट राखून सगळं रचत जाते आणि पुटपुटते, “लांबडा कधी येणार, मेला?” आला की खालचं बटण असं दाबते, जणू पोळी लाटतेय. आतलं रबर बदलायला डबा उघडायला हवा. रबर आणून आठवडा झाला, ती दुपारी झोपली की उघडीन म्हणून थांबलोय. हल्ली ती झोपतच नाही.