जॅक्सन्सचा ‘डेस्टिनी’: कान कुठे द्यावा आणि प्रत कोणती घ्यावी

मायकल जॅक्सन आणि त्याचे भाऊ, म्हणजे जॅक्सन बंधू. ‘निर्मिती: द जॅक्सन्स’ ही ओळ त्यांच्या अख्ख्या अल्बमसाठी पहिल्यांदा छापली गेली ती ‘डेस्टिनी’वर. एपिक कंपनीने डिसेंबर १९७८मध्ये तो बाजारात आणला. आठ गाणी, पहिली बाजू वीस मिनिटांची, दुसरी एकवीसची. डिस्कोची लाट ऐन भरात असताना आला म्हणून तो सरसकट डिस्कोच्या कप्प्यात टाकला जातो. खरं तर त्यातली निम्मी गाणी नाचायला लावणारी नाहीत, आणि भावांनी सूत्रं हातात घेऊन नेमकं काय केलं ते त्या निम्म्यातच जास्त कळतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. मोटाऊन या त्यांच्या आधीच्या रेकॉर्ड कंपनीत या भावांनी गायचं आणि नाचायचं. गाणी कोणती, वादक कोण, मिक्स कसा, हे वरून ठरायचं. १९७५-७६च्या सुमारास ते तिथून निघाले. ‘जॅक्सन ५’ हे त्यांचं जुनं नाव मोटाऊनकडेच राहिलं. जर्मेन हा मोटाऊनचे मालक बेरी गॉर्डी यांचा जावई, तो तिथेच थांबला आणि त्याच्या जागी धाकटा रँडी आला. एपिकमध्ये आल्यावरही हात लगेच मोकळे झाले नाहीत. पहिले दोन अल्बम केनी गँबल आणि लिऑन हफ या निर्माता जोडीच्या फिलाडेल्फियातल्या कारखान्यात घडले आणि भावांच्या वाट्याला प्रत्येक अल्बममध्ये जेमतेम दोन गाणी आली. १९७७चा ‘गोइंग प्लेसेस’ अमेरिकेच्या लोकप्रियता-यादीत फार वर चढलाच नाही. ‘आता आमचं आम्ही करतो’ हा हट्ट पुरा झाला तो त्यानंतर. तरीही देखरेखीला बॉबी कोलंबी आणि माइक ॲटकिन्सन हे दोन कार्यकारी निर्माते होतेच. तेव्हा ‘संपूर्ण स्वातंत्र्य’ वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. दोरी सैल झाली होती, सुटली नव्हती.

याचा पुरावा पहिल्याच गाण्यात मिळतो. ‘ब्लेम इट ऑन द बूगी’ हे अल्बममधलं एकमेव बाहेरचं गाणं. गंमत म्हणजे ते लिहिणाऱ्यांपैकी एकाचं नाव मिक जॅक्सन. हा इंग्लंडचा गायक, या कुटुंबाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. १९७८च्या शरद ऋतूत ब्रिटनमध्ये त्याची आणि बंधूंची अशा दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी यादीत होत्या. बंधू ८व्या क्रमांकापर्यंत गेले, मिक १५व्यापर्यंत. गाणं झकास आहे, त्यात वाद नाही. गिटारची आखूड, कोरडी छाट, तिच्यावर पितळी वाद्यांचे छोटे फटकारे, साडेतीन मिनिटांत काम तमाम. पण ‘आम्ही लिहिलं, आम्ही बसवलं’ असं सांगणाऱ्या अल्बमचं दार दुसऱ्याच्या गाण्याने उघडावं, हे खटकतं. हिशेब उघड आहे: कंपनीला आधी एक हमखास एकल (सिंगल, म्हणजे सुटं विकायचं गाणं) हवं होतं.

भावांचा स्वतःचा हिशेब कळतो तो पहिल्या बाजूच्या शेवटी, ‘शेक युअर बॉडी (डाउन टू द ग्राउंड)’मध्ये. हे मायकल आणि रँडीचं गाणं. ते लिहिलं तेव्हा मायकल विशीच्या उंबरठ्यावर होता आणि रँडी सोळा-सतरा वर्षांचा. मूळ बीज रँडीने पियानोवर काढलेला एक तुकडा. फिलाडेल्फियाच्या पद्धतीत आधी चाल, मग तिच्याभोवती तंतुवाद्यांचा जाड पडदा, असा क्रम असे. इथे तो उलटा आहे. मिनिटाला साधारण १२० ठोक्यांचा सरळ ठेका, चारही मात्रांवर किक ड्रम, त्याला चिकटून चालणारा बेस, आणि गाणं या सांगाड्यावर वरवर रचत नेलेलं. कडवी संपल्यावर खरी मजा सुरू होते: चाल बाजूला पडते, एकच घोष फिरत राहतो, एकेक वाद्य आत येतं, बाहेर जातं, आणि मायकल शब्द सोडून उचक्या, हुंकार, श्वास यांच्यावर खेळू लागतो. त्याची ती पुढे जगभर नक्कल झालेली तऱ्हा इथे पहिल्यांदा मोकळेपणी ऐकू येते. घोषाच्या बाबतीत मार्विन गे यांच्या १९७७मधल्या ‘गॉट टू गिव्ह इट अप’चं ऋण स्पष्ट आहे, आणि ते लपवण्याचा प्रयत्नही नाही. अमेरिकेत हे एकल ७व्या क्रमांकापर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये ४थ्या.

पूर्ण गाणं आठ मिनिटांचं आहे. एकलासाठी ते कापून पावणेचार मिनिटांच्या आसपास आणलं, आणि कात्री नेमकी त्या दुसऱ्या भागावर चालली. छोटी आवृत्ती ऐकून ‘ठीक आहे, डिस्को आहे’ असं म्हणणाऱ्यांनी गाणं अर्धंच ऐकलेलं असतं.

मधली दोन गाणी: ‘पुश मी अवे’ ही संथ रचना दुसऱ्या क्रमांकावर ठेवून अल्बमचा वेग उगाच मोडला आहे. तंतुवाद्यं गोड आहेत, जरा जास्तच. ‘थिंग्ज आय डू फॉर यू’ मात्र ठसठशीत. १९८१च्या थेट कार्यक्रमांच्या अल्बममध्ये ते गाणं आहे, यावरून मंचावर ते किती चालायचं याचा अंदाज येतो.

आता दुसरी बाजू, जी फारशी कुणी वाजवत नाही. शीर्षकगीत ‘डेस्टिनी’ साध्या गिटारने सुरू होतं, शहराचा गजबजाट सोडून साधं जगावं असं म्हणत हळूहळू फुगत जातं. मोटाऊनच्या काळात या पोरांच्या तोंडी असं गाणं कुणी दिलं नसतं. त्याच्या पाठोपाठ येणारं ‘ब्लेस हिज सोल’ हे माझ्या मते अल्बममधलं सर्वात दुर्लक्षित रत्न. भीड भिकेची बहीण म्हणतात, तेच या गाण्यात आहे: सगळ्यांना खूश ठेवता ठेवता स्वतः रिकामा होत जाणारा माणूस. शेवटचं ‘दॅट्स व्हॉट यू गेट (फॉर बीइंग पोलाइट)’ हाच धागा पुढे नेतं, आणि पहिल्या बाजूवरचं ‘थिंग्ज आय डू फॉर यू’ही त्याच गोत्रातलं. आठातली तीन गाणी भिडस्तपणाच्या किमतीबद्दल. लहानपणापासून इतरांच्या सांगण्यावरून मंचावर उभं राहिलेल्या भावांनी पहिल्यांदा जवळजवळ अख्ख्या अल्बमसाठी स्वतः लेखणी धरल्यावर हे लिहावं, हा योगायोग मानायला मन तयार होत नाही. ठेका नाचरा आणि शब्द कडवट, ही जोडी मायकलने पुढेही सोडली नाही.

या बाजूचा कच्चा दुवा ‘ऑल नाइट डान्सिन’. सहा मिनिटं अकरा सेकंद. ‘शेक युअर बॉडी’चीच युक्ती पुन्हा वापरली आहे, पण तिथे दर काही आवर्तनांनी नवं काहीतरी कानावर पडतं, इथे चौथ्या मिनिटानंतर फक्त दम दिसतो. साडेतीन मिनिटांत आटोपलं असतं तर गाणं चांगलं म्हटलं असतं.

वादकांची यादी हा वेगळा आनंद. कीबोर्ड आणि ठेक्याची मांडणी ग्रेग फिलिंगेन्स यांची, बेसवर नेथन वॉट्स. दोघेही स्टीव्ही वंडर यांच्या ताफ्यातले. तालवाद्यांवर पॉलिन्यो दा कोस्टा, ट्रम्पेटवर जेरी हे. गिटारवादकांत टिटो आहे आणि काँगा ढोलांवर रँडी, म्हणजे भाऊ नुसते माइकपुढे उभे नव्हते. फिलिंगेन्स, दा कोस्टा आणि हे ही मंडळी पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७९मध्ये आलेल्या मायकलच्या एकट्याच्या ‘ऑफ द वॉल’वरही आहेत. तो अल्बम क्विन्सी जोन्स यांनी घडवला हे खरंच. पण त्याआधीची तालीम कुठे झाली हे ऐकायचं असेल तर ‘डेस्टिनी’ लागतोच.

मुखपृष्ठ भडक आहे: उसळता समुद्र, वावटळ आणि अल्बमच्या नावाच्या प्रचंड अक्षरशिळेवर उभे भाऊ. मागच्या बाजूला मोर. भावांच्या निर्मितिसंस्थेचं नाव पीकॉक प्रॉडक्शन्स. मोर सगळे रंग एकत्र आणतो तसं संगीताच्या प्रेमातून सगळे वंश एकत्र यावेत, असा मजकूर सोबत. थोडा भाबडा, पण स्वतःची संस्था काढल्याचा अभिमान त्यात दिसतो.

आता खरेदीचं. तबकडी घेणार असाल तर या अल्बमची एक जन्मजात अडचण आधी समजून घ्या. सर्वात जड, सर्वात लांब आणि सर्वात महत्त्वाचं गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी आहे, म्हणजे तबकडीच्या आतल्या वर्तुळांत. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या हाच वेग कायम ठेवते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २१ ते २५. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. ७ किलोहर्ट्झची एक लहर बाहेर सुमारे ७३ मायक्रॉन लांब असते, अगदी आत ती ३० मायक्रॉनवर येते. गोल टोकाच्या सुईची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन. ती एवढ्या दाट वळणांत नीट उतरतच नाही. परिणाम प्रथम ‘श’ आणि ‘स’वर दिसतो, आणि या गाण्याचा घोषच ‘शेक’ने सुरू होतो! खराब प्रतीवर तो ‘श’ फाटक्या कागदासारखा वाजतो.

म्हणून जुनी प्रत घेताना पहिलं गाणं लावून समाधान मानू नका. ते बाहेरच्या कडेला आहे, घासलेली प्रतही तिथे बरी वाजते. थेट पहिल्या बाजूची शेवटची तीन मिनिटं लावा. ‘श’ दोन्ही स्पीकरमधून फाटत असेल तर आधी सुई साफ करा, मग पुन्हा ऐका. तरीही तसंच असेल तर दुसरी एखादी, शेवटपर्यंत स्वच्छ वाजणारी तबकडी त्याच सुईने लावा. ती नीट वाजली तर दोष प्रतीत आहे. कुणीतरी जड आर्मने किंवा झिजलेल्या सुईने ती खरवडलेली आहे आणि त्यावर इलाज नाही. दोन्ही फाटत असतील तर दोष तुमच्या यंत्रात. दोन बिंदूंच्या मोजपट्टीने कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) पुन्हा जुळवा, सुईचा भार उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत वरच्या टोकाकडे ठेवा (कमी भाराने तबकडी वाचते हा गैरसमज आहे; हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते), अँटी-स्केट (आर्मची आत ओढली जाण्याची ओढ तोलणारी रचना) तपासा. फक्त एकाच स्पीकरचा आवाज फाटत असेल तर बहुतेक वेळा अँटी-स्केटच चुकलेला असतो. सुई लंबगोल किंवा त्याहून बारीक टोकाची हवी.

अमेरिकी पहिल्या आवृत्तीचा क्रमांक जेई ३५५५२. सीबीएस समूहाच्या क्रमांकांत पुढे स्वस्त पुनर्मुद्रणांना ‘पीई’ हा उपसर्ग लागला, तेव्हा ‘पहिली आवृत्ती’ म्हणून जास्त पैसे मागितले जात असतील तर पाठीची पट्टी आणि लेबल दोन्ही पाहा. मुखपृष्ठ एकीकडचं आणि तबकडी दुसरीकडची, असंही होतं.

नाचण्यासाठीच हवं असेल तर ‘शेक युअर बॉडी’चं १२ इंची एकल शोधा. जॉन लुओंगो यांचं ते डिस्को मिश्रण आठ मिनिटं सदतीस सेकंदांचं आहे. पूर्ण बाजू एकट्या गाण्याला मिळाल्याने ते कडेपासून सुरू होतं, खाचा रुंद असतात आणि बेस मोकळा वाजतो. वरची सगळी भानगड बऱ्याच अंशी टळते. तबकडीच्या वाटेला जायचंच नसेल तर जानेवारी २००९ची विस्तारित सीडी सोयीची, कारण ‘ब्लेम इट ऑन द बूगी’ आणि ‘शेक युअर बॉडी’ या दोन्ही गाण्यांची लुओंगोंची मिश्रणं शेवटी जोडलेली आहेत. सीडीला आतल्या वर्तुळांची ही अडचण नाही, त्यामुळे तो ‘श’ही शाबूत.

ऑनलाइन ऐकताना कालावधी पाहून घ्या. संकलनांमध्ये बहुतेक वेळा एकलाचीच छोटी कापणी असते आणि नाव मात्र तेच. आठ मिनिटं दिसली तरच ते अल्बममधलं गाणं. आणि यादृच्छिक क्रम बंद ठेवा, निदान दुसऱ्या बाजूपुरता: ‘डेस्टिनी’ संपून ‘ब्लेस हिज सोल’ सुरू होतं तो सांधा मध्ये दुसरं काही आलं की वाया जातो. ‘ऑल नाइट डान्सिन’ चौथ्या मिनिटाला पुढे ढकललंत तरी काही बिघडत नाही.