बिलबुकं, शिक्के आणि जाडजूड ऑक्सफर्ड

कराडला माझं डीटीपी आणि रबरी शिक्क्यांचं छोटं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, स्मरणिकेतल्या जाहिराती, असलं जॉबवर्क. मजकूर मराठी असला तर मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. इंग्रजी आलं की मात्र हात आखडतो.

पाच वर्षांपूर्वी एका वह्या-पेनांच्या दुकानाची बिलबुकं छापली आणि ‘स्टेशनरी’च्या शेवटी ए-आर-वाय घातलं. कॉम्प्युटरनं लाल रेघ मारली नाही. का मारेल? तोही शब्द खराच आहे, फक्त त्याचा अर्थ ‘जागेवर उभा’. वीस बुकं रद्दीत गेली, पैसे माझे. पुढच्याच पुणेवारीत अप्पा बळवंत चौकातून ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी आणली. जुनी प्रत, अडीचशे रुपये, आधीच्या मालकाच्या पेन्सिलच्या खुणांसकट.

घरी येऊन आधी तोच शब्द काढला. तर ए-आर-वायवाला आणि ई-आर-वायवाला एकाच पानावर, आणि दोघांच्या मधे ‘स्टेशनर’ बसलेला, ई-आरवाला. म्हणजे वह्या विकणारा. त्याच्याच शेपटाला वाय लावला की त्याचा माल! पुन्हा नाही चुकले. मोबाईलवर शोधलं असतं तर एकटा शब्द दिसला असता, शेजारीपाजारी नाही. शाळेच्या शिक्क्यातला ‘प्रिन्सिपल’ही तसाच. ए-एल म्हणजे मुख्याध्यापक, एल-ई म्हणजे तत्त्व, आणि दोघं अगदी जवळ नांदतात. ‘विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स’मधला आयवाला शब्द आणि तसाच ऐकू येणारा, ‘पूरक’ अर्थाचा ईवाला शब्द यांच्यात मात्र बरंच अंतर आहे, म्हणून तिथं मी स्वतःच खूण घालून ठेवलीय.

ही डिक्शनरी मुळात परक्यांसाठीच केलेली. ए. एस. हॉर्न्बी हा इंग्रज मास्तर जपानमध्ये शिकवायचा. त्यानं सहकाऱ्यांबरोबर केलेला हा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ला ऑक्सफर्डनं छापला. ‘ट्रॅव्हल’ला ई-डी लावताना एल दोन की एक, हे इंग्रज पोराला विचारावं लागत नसेल, मला लागतं. इथं ते शब्दाशेजारीच दिलंय: ब्रिटनमध्ये दोन, अमेरिकेत एक.

गोची एकच, आणि ती कोशाची नाही, इंग्रजीची. स्पेलिंग बघायला आधी पहिलं अक्षर माहीत हवं! डॉक्टरांच्या फलकासाठी ‘न्यूमोनिया’ शोधताना मी एन पालथा घातला. तो निघाला पी-मध्ये. आता पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय: न सापडला नाही तर के, जी, पी बघ, र नाही तर डब्ल्यू, स नाही तर पी. (काही मराठी कोशांत तरी काय, क्ष शोधायला आलेला माणूस ह-पर्यंत जाऊन परत क-कडे येतोच.) ‘ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट’मध्ये पी-च्या पुढचा एच किती जण खातात, ते गावातले फलक वाचत फिरलात तर कळेल.

विशेषनामं यात शोधू नका, नवरदेवाचं नाव पत्रिकेवाल्यांनाच विचारा. अक्षर बारीक आहे, मला चष्मा लागतो. वजन इतकं की लॅमिनेशन केलेली प्रमाणपत्रं याच्याखालीच सरळ होतात.

परवा एका मंडळाचे अध्यक्ष फ्लेक्स घेऊन भांडायला आले. ‘ऑर्गनाइज्ड बाय’मध्ये झेड का? “ताई, हे अमेरिकन झालं!” मी पान उघडून समोर ठेवलं: ऑक्सफर्ड स्वतः झेड आधी देतं, एस चालतो म्हणून सांगतं. त्यांनी दोनदा वाचलं, डिक्शनरी उलटून मागचं पुढचं बघितलं आणि म्हणाले, “जुनी दिसतेय.”

घातला एस. फ्लेक्स त्यांचा, पैसे त्यांचे.