एप्रिलचं ॲव्हरेज की एप्रिलचे स्ट्राइकआउट? मायनर लीगचा बॅटर निवडताना

मे महिना नुकताच लागलाय, बेसबॉलच्या डायनॅस्टी लीगमध्ये (खरे खेळाडू निवडून वर्षानुवर्षं संघ सांभाळायचा फँटसी खेळ) तुमची एक जागा रिकामी आहे आणि तुम्ही दोन नावांत अडकलाय. पहिला पंचविशीचा. ट्रिपल-एला, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली, अल्बुकर्कीत खेळतो, ॲव्हरेज (हिट भागिले ॲट-बॅट) ०.३४०च्या आसपास, होम रनचा नुसता धडाका. दुसरा १९ वर्षांचा, आणखी एक पायरी खाली डबल-एला, ॲव्हरेज जेमतेम ०.२२०, पण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) कमी आणि वॉक (चार वाइट बॉल सोडून मिळणारा फुकटचा बेस) बऱ्यापैकी. ही दोन्ही पोरं कल्पनेतली, पण अशी जोडी दर वर्षी याच सुमारास कुणा ना कुणासमोर येते आणि ग्रुपवर सगळे पहिल्याच्या मागे लागतात. मी दुसऱ्याला घेईन. पहिल्याला घेण्यातही कधी कधी शहाणपण असतं, त्याकडे पुढे येतो.

आधी एवढ्या दिवसांत खेळ होतो किती, ते बघू. दोन आठवड्यांत धरा ५० ॲट-बॅट, म्हणजे वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या पाळ्या. ज्याचा खरा दर्जा ०.२७० आहे, तो तेवढ्यात सरासरी १३-१४ हिट (बेस मिळवून देणारे फटके) मारेल. निव्वळ नशिबाच्या हेलकाव्याने ते १० होतील किंवा १७ होतील, आणि दोन्हींत नवल काही नाही. १० हिट म्हणजे ०.२००: लोक त्याला काढून टाकतात. १७ म्हणजे ०.३४०: लोक त्याला पुढचा स्टार म्हणतात. माणूस तोच. बॉल शॉर्टस्टॉप या फिल्डरच्या ग्लोव्हच्या अलीकडून गेला की पलीकडून, एवढ्यावर हा सगळा गदारोळ.

स्ट्राइकआउटचं तसं नाही. एक बॅटर १०० प्लेट अपिअरन्समध्ये (पीए, म्हणजे वॉकही धरून बॅटिंगची प्रत्येक पाळी) १२ वेळा स्ट्राइकआउट होतो, दुसरा ३५ वेळा. माणसामाणसांतला फरकच इतका मोठा की नशिबाचा गोंधळ तो फार काळ झाकू शकत नाही. ॲव्हरेजमध्ये चांगला आणि सामान्य यांच्यातलं अंतर ३०-४० पॉइंटचं (एक पॉइंट म्हणजे ०.००१), आणि ५० ॲट-बॅटमधला नशिबाचा हेलकावा ६० पॉइंटच्या पुढे. अंतरापेक्षा हेलकावाच मोठा असेल तर त्या आकड्यावरून काय ठरवणार?

बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक रसेल कार्लटन यांनी २०१२ मध्ये मेजर लीगच्या आकड्यांवरून याचा हिशेब मांडला होता. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० पीएनंतर विश्वासाला पात्र होतं, वॉकचं १२० पीएनंतर, होम रनचं १७०नंतर. बॅटिंग ॲव्हरेजला लागतात ९१० ॲट-बॅट, म्हणजे मायनर लीगचे जवळपास दोन सीझन. यातून लोक एक सोयीस्कर अर्थ काढतात की ६० झाले, आता आकडा पक्का. तसं नाही. तिथे कौशल्य आणि नशीब साधारण बरोबरीला येतात, एवढंच. लीगची सरासरी २४ टक्के असेल आणि समोरचा ३६ टक्के दाखवत असेल, तर मनात ३० धरून चालावं. शिवाय मायनर लीगची पोरं वाढत्या वयाची, वर्षाच्या आत स्विंग बदलणारी; त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत.

तरी मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नियमित खेळणाऱ्याच्या खात्यात शंभरेक पीए जमलेले असतात. स्ट्राइकआउटबद्दल बोलायला ते पुरतात, वॉकबद्दल थोडंफार, ॲव्हरेजबद्दल जवळपास काहीच नाही. दुसऱ्याचे ०.२२० मला म्हणूनच फारसे टोचत नाहीत.

कुठे खेळला, कुणासमोर खेळला

२०२१च्या फेररचनेनंतर मायनर लीगचं वेळापत्रक बदललं. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी, एकाच मैदानावर सहा सामने, सोमवारी सुट्टी. प्रवास वाचला, पण आपल्यासारख्या आकडे चिवडणाऱ्यांची अडचण झाली. दोन आठवडे म्हणजे मोजून दोन प्रतिस्पर्धी आणि दोन मैदानं. समोरचा बुलपेन (राखीव पिचरांचा ताफा) ढिला असेल तर तेच ढिले पिचर आठवड्यात तीन-तीनदा भेटतात. एखाद्याचे चार होम रन बघितले तर ते सगळे एकाच आठवड्यातले निघतात, आणि हे सीझनच्या एकूण ओळीत दिसत नाही. गेम लॉग उघडावा लागतो.

त्यात अल्बुकर्की. हे मैदान ५ हजार फुटांहून उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही वर. विरळ हवेत मारलेला बॉल लांब जातो आणि पिचरचा कर्व्ह कमी वळतो. बॅटरला दुहेरी फायदा. अल्बुकर्कीच्याच पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये रेनो, सॉल्ट लेक, एल पासो, लास वेगास ही सगळी त्याच जातीची ठिकाणं. इकडे डबल-एच्या ईस्टर्न लीगमध्ये मेनमधल्या पोर्टलंडला किंवा न्यूयॉर्कच्या बिंगहॅम्टनला एप्रिलच्या रात्री हात गारठतात. थंड हवा जड असते. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की लांब मारलेला बॉल साधारण ३ फूट अलीकडे पडतो. आपला १९ वर्षांचा पोरगा तिथे खेळत असेल, तर त्याचे कुंपणालगतच्या वॉर्निंग ट्रॅकवर पकडले गेलेले दोन बॉल जुलैत कुंपणापलीकडे जातील.

एक मेख मात्र आहे. अल्बुकर्की हा मेजर लीगमधल्या कोलोरॅडो रॉकीजचा मायनर संघ. पहिला वर गेला तर डेन्व्हरलाच जाणार, तिथली हवाही तितकीच विरळ. फँटसीत होम रन कुठे मारला हे कुणी विचारत नाही. त्यामुळे अल्बुकर्कीच्या बॅटरचे आकडे जितके कापाल, त्यातले थोडे परत द्यावे लागतात. रेनोच्या बॅटरला ही सवलत नाही. तो सखल फिनिक्सला जातो.

वय

डबल-एचा सरासरी बॅटर साधारण २४ वर्षांचा असतो. तिथे १९ वर्षांचा पोरगा तगून आहे, हीच मोठी बातमी; त्याला तिथे पाठवणाऱ्या क्लबने त्याला रोज जवळून पाहिलंय. ट्रिपल-एला पंचविशीचा बॅटर चांगला खेळतोय यात बातमी अशी काही नाही, आणि तो तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असेल तर मुळीच नाही. बेसबॉल-रेफरन्सवर मायनर लीगच्या पानात बॅटर लीगच्या सरासरीपेक्षा किती लहान-मोठा, याचा रकाना असतो. मी ॲव्हरेजच्या आधी तो वाचतो.

बॉलसुद्धा तपासा

स्ट्राइकआउटची एवढी भलामण केली, पण तेही फसवू शकतात. २०२३च्या पहिल्या टप्प्यात डबल-एच्या सदर्न लीगमध्ये आधीच चिकट केलेला बॉल प्रयोग म्हणून वापरला गेला. पिचरची पकड घट्ट झाली, बॉल जास्त वळू लागला आणि लीगभर स्ट्राइकआउट वाढले. त्याच लीगमध्ये मिलवॉकीच्या बिलॉक्सी संघात १९ वर्षांचा जॅक्सन चौरिओ होता. सुरुवातीला तो फिकाच वाटत होता. मग जुना बॉल परत आला, त्याचे स्ट्राइकआउट घटले, आणि डबल-एचा सीझन संपला तेव्हा त्याच्या नावावर ०.२८०, २२ होम रन आणि ४३ चोरलेले बेस होते. डिसेंबरमध्ये मिलवॉकीने मेजर लीगचा एकही सामना न खेळलेल्या या पोराशी ८ वर्षांचा, ८.२ कोटी डॉलरचा करार केला. मेमध्ये नुसता स्ट्राइकआउटचा रकाना बघून ज्यांनी त्याला सोडलं, त्यांनी सदर्न लीगच्या इतर बॅटरांचे आकडे शेजारी ठेवून बघितले असते तर बरं झालं असतं. म्हणून टक्केवारी नेहमी त्याच लीगच्या सरासरीशी ताडावी.

२०१८: एक गरम, एक गार

खऱ्या जगातली उत्तम जोडी म्हणजे हुआन सोतो आणि रोनाल्ड अकुन्या. २०१८चा एप्रिल. सोतो १९ वर्षांचा, सिंगल-ए (डबल-एच्या दोन पायऱ्या खाली) हॅगर्सटाउनला १६ सामन्यांत ०.३७३. मग हाय-ए पोटोमॅकला १५, डबल-ए हॅरिसबर्गला ८. एकूण ३९ सामने, ०.३६२, १४ होम रन, आणि २० मेला तो वॉशिंग्टनकडून मेजर लीगमध्ये. अकुन्या तेव्हा २० वर्षांचा, अटलांटाच्या ट्रिपल-ए ग्विनेटला, एप्रिलभर ॲव्हरेज ०.२५०च्या खाली. तरी २५ एप्रिलला तोही वर. वर्षअखेर नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला अकुन्या, दुसरा आला सोतो.

गरम सुरुवात आणि गार सुरुवात, शेवट शेजारी-शेजारी. मग एप्रिल बघायचाच कशाला? बघायचा, पण आधीच्या वर्षाच्या तराजूत टाकून. अकुन्याने २०१७ मध्ये तीन पातळ्या चढताना प्रत्येक पायरीवर ॲव्हरेज वाढवलं होतं: ०.२८७, ०.३२६, ०.३४४. त्याहून महत्त्वाचं, पिचर कठीण होत गेले तसे त्याचे स्ट्राइकआउट कमी होत गेले. हाय-एला जवळपास तिनातून एक, ट्रिपल-एला पाचातून एक. पूर्ण सीझनच्या या पुराव्यापुढे दोन-तीन आठवड्यांच्या मरगळीचं वजन ते किती? सोतोकडे असा साठा नव्हता. दुखापतींमुळे २०१७ मध्ये तो फक्त ३२ सामने खेळला होता आणि २०१८च्या आधी सगळे मिळून शंभराच्याही आत. अशा बॅटरच्या नव्या आठवड्यांना जास्त वजन द्यावंच लागतं. शिवाय त्याच्या होम रनच्या जोडीला वॉकही स्ट्राइकआउटच्या बरोबरीने येत होते. ॲव्हरेज आणि वॉक-स्ट्राइकआउट एकच गोष्ट सांगत होते.

बढतीची तारीख मात्र पुरावा म्हणून धरू नका. २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला शिकागो कब्जने १७ एप्रिलला वर आणलं. आणखी एक दिवस आधी आणलं असतं तर त्याचं सेवेचं पूर्ण वर्ष भरलं असतं आणि करारातून तो एक वर्ष आधी मोकळा झाला असता. तो एक दिवस बॅटिंगमुळे चुकला असं कुणी म्हटलं तर हसू येईल.

उलट बाजूही सांगायला हवी. २०२४ मध्ये जॅक्सन हॉलिडे ट्रिपल-ए नॉरफोकला १० सामने झकास खेळला, वयाने लहान, वॉक भरपूर. माझ्या सगळ्या कसोट्यांवर पास. १० एप्रिलला बाल्टिमोरने त्याला वर नेलं आणि ३४ ॲट-बॅटमध्ये २ हिट, १८ स्ट्राइकआउट घेऊन तो त्याच महिन्यात परत आला. तेव्हा ट्रिपल-एत बॉल-स्ट्राइकच्या निकालात यंत्राचा हात होता, मेजर लीगमध्ये सगळं अंपायरच्या नजरेवर. पिचरही वेगळ्याच जातीचे. ट्रिपल-एतला वॉक जसाच्या तसा वर नेता येत नाही. आणि हो, ते ३४ ॲट-बॅट हाही छोटाच नमुना. जुलैअखेर तो परतला त्या दिवशी त्याने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन) मारला.

डोळ्यांनी बघणं

न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला यँकीजचा डबल-ए संघ आहे, टेक्ससमध्ये फ्रिस्कोला रेंजर्सचा. दोन्हीकडे मराठी घरं भरपूर, तिकीट मेजर लीगच्या मानाने स्वस्त. गेलात तर होम रनची वाट बघत बसू नका. दोन स्ट्राइक झाल्यावर बघा. पिचर आता बाहेर पडणारा स्लायडर टाकणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक असतं. कच्चा बॅटर पुढचा पाय टाकतो, हात सोडतो आणि बॉल मातीत. पक्का बॅटर पाय टाकतो, पण हात मागे ठेवतो. बॅट निम्म्यात थांबते. पुढचा फास्टबॉल तो मागच्या जाळीवर फाउल करतो आणि उभा राहतो. एका संध्याकाळी असं तीनदा दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही, पण कमी स्ट्राइकआउटचा आकडा कशातून येतोय ते कळतं. कारण नुसता बॉलला बॅट लावून हळू ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) मारणाराही स्ट्राइकआउट कमीच होतो, आणि तो आपल्याला नको असतो.

इथेच दुसऱ्याची खरी परीक्षा आहे. ट्रिपल-ए आणि फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये बॉल बॅटवरून किती वेगाने सुटला याचे आकडे सगळ्यांना दिसतात, डबल-एला नाही. आपला १९ वर्षांचा पोरगा आधी फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये खेळला असेल तर तिथले आकडे काढा. तिथे ताशी ९५ मैलांच्या पुढचे फटके दिसत नसतील, आणि यंदा डबल (दोन बेसचे फटके) आणि होम रनही नसतील, तर माझं मत बदलेल.

पहिल्याला कधी घ्यायचं? तुम्ही याच वर्षी जिंकायला खेळताय, वरच्या संघात त्याची पोझिशन रिकामी आहे आणि मागच्या वर्षीपेक्षा त्याचे स्ट्राइकआउट खरोखर उतरलेत, तर घ्या. ॲव्हरेज वाढलं पण स्ट्राइकआउट तेवढेच, तर नको. आणि तो आधीच तुमच्या संघात असेल, तर टॅकोमा-सॅक्रामेंटोसारख्या समुद्रसपाटीजवळच्या गावांत त्याचा संघ सहा-सहा सामने खेळून येण्याआधी त्याला दुसऱ्या संघाला देऊन किंमत वसूल करा. ग्रुपवर सगळे त्याच्या मागे आहेतच.