स्नोबोर्डचे बूट: एका हंगामानंतर

वयाच्या ४१व्या वर्षी स्नोबोर्डिंग, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला जखडून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ, शिकायला घेतलं. चार महिन्यांच्या हंगामात २२ दिवस बर्फावर काढले. सामान घेताना माझा सगळा जीव बोर्ड निवडण्यात अडकला होता, बूट पाच मिनिटांत उरकले. आज कुणी विचारलं तर सांगेन, बोर्ड भाड्याने घ्या, पण बूट स्वतःचे घ्या आणि त्यासाठी अख्खी दुपार खर्च करा.

पहिला जोड रोजच्या बुटांच्या मापाने घेतला. दुकानात पायाला इतका मऊ, सैलसर वाटला की दुसरा घालूनच पाहिला नाही. टाचेच्या कडेवर, म्हणजे बोर्डाच्या टाचेकडच्या धारेवर, काही अडलं नाही. बोर्ड उताराला आडवा धरून घसरत उतरणं, मग झाडावरून पान पडावं तसं डावीउजवीकडे झुलत खाली येणं, हे पहिल्या तीन दिवसांत जमलं. चवड्याच्या कडेवर मात्र सगळं बिघडायचं. तिथे तोंड चढाकडे असतं, गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची असते. मी दाबायचे आणि आत टाच बोटभर वर यायची. वजन टाकलेलं असायचं, पण ते बोर्डापर्यंत पोहोचलेलंच नसायचं. तेवढ्यात उताराकडची कड बर्फात रुतली की धाडकन पाठीवर. बूट बोर्डाला बांधणारे पट्टे आवळून आवळून पावलांना मुंग्या यायच्या, तरी टाच उचलायचीच. आठ दिवस मी दोष स्वतःच्या भीतीला देत राहिले, याचं अजून वाईट वाटतं.

नवव्या दिवशी प्रशिक्षकाने माझ्या बुटाची टाच हाताने जमिनीशी दाबून धरली आणि मला चवड्यांवर उठायला सांगितलं. बूट जागचा हलला नाही, पाय आतल्या आत वर सरकला.

मग माप नीट घेतलं. भिंतीला टाच टेकवून उभं राहायचं आणि सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मोजायचं, दोन्ही पायांचं. माझं २६.५ सेंटिमीटर भरलं. पहिले बूट २७.५चे होते. नव्या जोडात सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात, गुडघे वाकवले की किंचित मागे येतात. हीच खूण धरावी. पहिले काही दिवस ते आवळतात, पण आतलं अस्तर दबत जातं. म्हणूनच दुकानात सैल वाटणारा बूट पुढे आणखी सैल होतो. मोजा एकच आणि पातळ. जाड मोज्यांवर मोजे चढवले की रक्त अडतं आणि बोटं उलट गार पडतात.

नव्या बुटांना नाड्यांऐवजी तारा आहेत आणि त्या आवळायला फिरवायच्या दोन चकत्या, एक घोट्यासाठी आणि एक बाकीच्या पावलासाठी. हातमोजे न काढता आवळता येतात, ही मोठी सोय. तार तुटली तर उतारावर दुरुस्त करणं अवघड, नाडीला निदान गाठ मारता येते. एवढी एक धास्ती वाटते.

चवड्यावरचं वळण बाराव्या दिवशी लागलं. नडगी दाबली आणि त्याच क्षणी कड बर्फात करकरली. तो आवाज पायातून वर आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

बोर्ड मऊ आहे, १०पैकी ३ ताठपणाचा. चुका पोटात घालतो, पण टणक बर्फावर वेग घेतला की थरथरतो. बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डाला धरणाऱ्या पकडींचे, कोन पुढच्या पायाला १५ अंश, मागच्याला उणे ९ अंश ठेवलेत, गुडघ्यांना मानवले. रिस्ट गार्डशिवाय पाऊल टाकू नका. नवशिक्यांना सर्वाधिक इजा मनगटाला होते, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो. माझ्या उजव्या गार्डच्या पट्टीवर खोल ओरखडा आहे, मनगट शाबूत आहे. हेल्मेट आणि गादी लावलेली आतली चड्डीही तितकीच गरजेची.

हंगाम संपला तरी नव्या बुटांत टाच अजून पक्की बसते. उजव्या घोट्यापाशी अस्तर जरा जास्त दबलंय, पुढच्या हंगामाआधी तिथे फोमचा तुकडा चिकटवून घेणार आहे.