आयआरएतून भाड्याचं घर: कर्ज लागणार असेल तर?

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षं नोकरी झाली, एकदोन कंपन्या बदलल्या, की जुन्या ४०१-केमध्ये, म्हणजे कंपनीमार्फत चालणाऱ्या निवृत्ती खात्यात, बऱ्यापैकी रक्कम साठलेली असते. ती सेल्फ-डायरेक्टेड आयआरएमध्ये (घरासारखी गुंतवणूकही करू देणारं वैयक्तिक निवृत्ती खातं) वळवून भाड्याने द्यायचं घर घ्यावं, की तिला हात न लावता स्वतःच्या नावावर घ्यावं? पूर्ण किंमत खात्यातूनच देणार असाल तर आयआरएचा विचार जरूर करा. कर्ज लागणार असेल तर मात्र बहुतेकांसाठी माझा कौल स्वतःच्या नावाकडे आहे.

स्वतःच्या नावावर घेताना बँक तुमचा पगार आणि क्रेडिट स्कोअर बघते. साधारण १५ ते २५ टक्के डाउन पेमेंटवर काम होतं. आयआरएच्या कर्जाला तुम्हाला जामीन राहता येत नाही, कायद्याने बंदी आहे. हप्ते थकले तर बँकेला फक्त ते घर घेता येतं. ऐकायला छान, पण त्याची किंमत बँक आधीच वसूल करते: असं नॉन-रिकोर्स कर्ज देणारे मोजके, व्याज चढं आणि डाउन पेमेंट ४० टक्क्यांच्या आसपास.

कराबाबत तर मोठा गैरसमज आहे. आयआरएत कर लागत नाही असं आपण धरून चालतो. पण कर्जाच्या पैशातून झालेल्या कमाईवर खात्याला दरवर्षी कर लागतो. ३ लाख डॉलरच्या घरावर १ लाख ८० हजारांचं कर्ज असेल, तर खर्च आणि घसारा (घर जुनं होत जातं म्हणून मिळणारी वजावट) वजा जाता उरलेल्या भाड्याचा सुरुवातीला साधारण ६० टक्के हिस्सा करपात्र. पहिले १,००० डॉलर सुटतात. पुढे ट्रस्टना (विश्वस्त निधींना) लागणारे कराचे दर, जे १५-१६ हजार डॉलरलाच ३७ टक्क्यांवर पोचतात. घसाऱ्यामुळे सुरुवातीला हा कर थोडाच येतो, खरा चटका विकताना बसतो. तो टाळायचा तर कर्ज पूर्ण फेडून १२ महिने उलटल्यावर विकावं. स्वतःच्या नावावरच्या घरात साडेसत्तावीस वर्षांचा घसारा आणि विक्रीच्या नफ्यावरचा दीर्घ मुदतीचा कमी दर, दोन्ही तुमचेच. पारंपरिक आयआरएतून (ज्यात कर पैसे काढताना भरायचा असतो) तोच नफा काढताना पगारासारखा कर पडतो. रॉथ, म्हणजे आधीच कर भरलेले पैसे घालायचं खातं, असेल तर ही अडचण नाही.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट हमखास आड येते. पुण्याहून आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत, घर रिकामंच आहे, राहू देत तिथे! आयआरएच्या घरात हे चालत नाही, त्यांनी पूर्ण भाडं दिलं तरी. तुम्ही, जोडीदार, आईवडील, मुलं, सुना, जावई सगळ्यांना मनाई. स्वतः भिंती रंगवणंही नको. चुकलात तर सगळं खातं त्या वर्षाच्या १ जानेवारीलाच काढून घेतलं असं धरतात. पारंपरिक खात्यात त्या पूर्ण रकमेवर कर, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वर १० टक्के दंड.

स्वतःचा कन्सल्टिंगचा व्यवसाय असेल आणि जोडीदाराशिवाय कोणी पूर्णवेळ कर्मचारी नसेल, तर सोलो ४०१-के (अशा एकट्याच्या व्यवसायासाठीचं ४०१-के) हे आयआरएपेक्षा नक्कीच सरस. घरासाठी काढलेल्या कर्जामुळे लागणारा, वर सांगितलेला कर तिथे सहसा लागत नाही. जामीन न राहण्याचा आणि नातेवाइकांचा नियम मात्र तोच. एच-१बीवर असताना स्वतःच्या व्यवसायाची कमाई करता येत नाही, त्यामुळे ग्रीन कार्डाआधी ही वाट बहुतेकांना बंदच.

तरीही आयआरएतून कर्जावर घेणार असाल, तर खात्यात भरपूर रोकड राखून ठेवा. वॉटर हीटर फुटला तर खिशातून पैसे देता येत नाहीत, बिल खात्यानेच भरायचं. आणि आयआरएत वर्षभरात नव्याने थोडीच रक्कम घालता येते; २०२५ साली पन्नाशीच्या आतल्या माणसासाठी ही मर्यादा ७,००० डॉलर होती.